डिझेलतात्या

निगडी-आकुर्डीकडे भाड्याने घर बघायला आलेल्या माणसाला लोक तीनच गोष्टी विचारतात. गाव कुठलं, कंपनी कुठली, शिफ्ट कुठली. आमच्या सोसायटीत चौथाही प्रश्न असतो आणि तो तात्या विचारतात.

"डिझेल का पेट्रोल?"

माणूस बिचारा पार्किंगकडे बोट दाखवतो. मीही दाखवलं होतं. म्हटलं, "सीएनजी आहे, तात्या."

"गाडीचं नाही विचारलं लेका. तू कोण?"

मला उत्तर सुचेना. तात्यांनी मला खालीवर न्याहाळलं, गळ्यातलं चाकणच्या कंपनीचं ओळखपत्र वाचलं आणि निकाल देऊन टाकला, "तूही सीएनजीच. खर्च कमी, कुरकुर नाही. पण चढ आला की दम गेला, आणि पोटातच टाकी असल्यामुळे सामानाला जागा नाही." गेली बारा वर्षं मी सोसायटीत सीएनजी आहे. पोरांच्या वाढदिवसाला बोलावणी येतात तीसुद्धा 'सीएनजीकाकांना सांग' अशी.

तात्यांचं खरं नाव विजेच्या बिलावर आहे. बाकी सगळे त्यांना डिझेलतात्या म्हणतात. वॉचमन, इस्त्रीवाला, पोस्टमन आणि रागावल्या की काकूसुद्धा.

तात्या सांगलीकडचे. वडिलांच्या विहिरीवर इंजिन होतं. त्या इंजिनाला घरात 'किर्लोस्कर' म्हणत आणि त्यात ओतायच्या तेलाला 'क्रूड'. "किर्लोस्कर बंद पडला, क्रूड संपलं वाटतं" हे वाक्य ऐकत तात्या मोठे झाले. डिझेल हा शब्द त्यांनी पहिल्यांदा ऐकला तो आयटीआयमध्ये, आणि तोही तेल म्हणून नव्हे, शिक्षण म्हणून. त्या ट्रेडचं नावच 'मेकॅनिक डिझेल'. कुणी बीए होतो, कुणी बीकॉम होतो, तसे तात्या डिझेल झाले. लग्नाच्या पत्रिकेत त्यांच्या नावापुढे 'आय.टी.आय. (डिझेल)' असं छापलेलं आहे. ती पत्रिका मी पाहिली आहे. मुलगी बघायला गेले तेव्हा सासऱ्यांनी विचारलं, मुलगा काय शिकलाय? मामांनी सांगितलं, डिझेल. सासऱ्यांनी दोन क्षण विचार केला आणि म्हणाले, म्हणजे पर्मनंट असणार.

होतेच पर्मनंट. टेल्को रोडच्या आसपासच्या एका कारखान्यात इंजिन टेस्टिंगला त्यांनी चौतीस वर्षं काढली. त्या टेल्कोचं टाटा मोटर्स होऊन कितीतरी वर्षं झाली, पण रस्ता टेल्को रोडच राहिला. तात्यांना त्याचा कोण आनंद. कंपन्या नावं बदलतात, रिक्षावाले बदलत नाहीत, असं ते म्हणतात. दुसरी माणसं अष्टविनायकाची नावं घडाघडा म्हणतात, तशी तात्या म्हणतात : १९४६ खडकी, किर्लोस्कर ऑइल, १९६२ कोथरूड, कमिन्स, १९६६ पिंपरी, टेल्को. हे म्हणताना डोळे मिटलेले असतात. मध्येच कुणी 'आणि चाकण?' म्हटलं की डोळे उघडतात. "चाकण परवाचं."

माणसांची वर्गवारी करण्यामागे त्यांचं एक शास्त्र आहे आणि ते गेटाजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून कुणालाही फुकट शिकवलं जातं.

"पेट्रोलच्या इंजिनाला ठिणगी लागते. बाहेरनं कुणीतरी द्यायची. प्लग काढ, इंजिन मेलं. डिझेलला प्लगच नाही! नुसती हवा आत घ्यायची आणि दाबायची. सोळापट, अठरापट. दाबून दाबून ती हवाच एवढी तापते की तेलाचा फवारा आत आला रे आला, की आपोआप पेट. काडी नाही, ठिणगी नाही. नुसता दाब." इथे आवाज एकदम खाली येतो. "तुझ्या काकूसारखा."

म्हणजे पेट्रोल माणसं ती, ज्यांना दुसऱ्याने पेटवावं लागतं. दुसऱ्या मजल्यावरचे बँकवाले सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडला की पेटतात आणि जेवायच्या वेळेपर्यंत विझतात. डिझेल माणसं सकाळी चालू व्हायला वेळ घेतात. थंडीत फार तर हीटर लागतो, तो म्हणजे चहा. पण एकदा लागली की संध्याकाळपर्यंत ओढतात आणि ओझं वाढलं तर आवाज बदलतात, वेग नाही. कोपऱ्यावर पहाटे साडेचारला पोह्याची गाडी लावणाऱ्या मावशी डिझेल. पहिल्या शिफ्टच्या बसमध्ये उभ्याने झोपणारा पोरगा डिझेल. चेअरमन मात्र टू-स्ट्रोक. "तेल मिसळल्याशिवाय चालत नाही, आणि चालला तरी कामापेक्षा फटफट जास्त." इलेक्ट्रिकचा विषय त्यांच्यासमोर काढू नये. त्यांच्या मते ती गाडी नव्हे, चाकं लावलेला मिक्सर आहे.

या सगळ्यात तात्या स्वतः कुठे बसतात, हे विचारायची कुणाची छाती नाही. कारण खरी गोष्ट अशी की तात्यांइतका पेट्रोल माणूस अख्ख्या प्राधिकरणात मिळणार नाही. गेटवर नवा वॉचमन 'आजोबा' म्हणाला की भडका. पेपरात डिझेलच्या ठिकाणी चुकून 'रॉकेल' छापलं की संपादकांना फोन. एकदा मी काकूंना हळूच विचारलं. त्या भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "हे होय? हे सायलेन्सर. तापायचं, धूर काढायचा, आणि गाडी आपणच ओढतोय असं समजायचं."

तसा हा शब्द आमच्या पट्ट्यात कशालाही चालतो. भोसरीत दहाच्या सुट्टीत 'चल, डिझेल मारून येऊ' म्हणजे कटिंग. तिसऱ्या शिफ्टला पहाटे चारला 'डिझेल संपलं' म्हणजे मी आता मशीनवर झोपणार, सुपरवायझर आला तर सांग. गुरुवारी सुट्टी असते, म्हणून बुधवारी संध्याकाळी कुणी 'डिझेल भरायचंय' म्हणाला की त्याला 'कुठल्या पंपावर?' असं विचारणारा माणूस गावाहून नवाच आलेला असतो. सोसायटीत लाइट गेली की लिफ्टमधून बायका ओरडतात, 'डीजी लावा, डीजी!' त्यातला 'डी' म्हणजे आपला, हे तात्या प्रत्येक वेळी सांगतात, लिफ्टमध्ये अडकलेल्यांनासुद्धा. गाडी विकत घेताना तर हा शब्द विशेषण, नाम, किंमत आणि घरातलं भांडण असा सगळाच असतो : 'डिझेल घेतली' एवढ्यावर बायको, मेहुणा आणि बँक तिघांनाही काय ते कळतं.

आणि पाट्या! चाकण ते तळेगाव रस्त्यावर टायरच्या, पंपाच्या, गॅरेजच्या पाट्यांवर मी डिझेल, डिजेल, डिझल, डिजल असे चारही अवतार पाहिले आहेत. शुद्धलेखनाचा अभिमान मिरवत मी एकदा ते तात्यांना दाखवायला गेलो. तात्या म्हणाले, "जर्मन माणूस काय म्हणतो ठाऊक आहे? 'डीझल'. शेवटचा 'ल' असा जिभेखाली सरकवतो. तेव्हा तुझ्यापेक्षा तो 'डिझल' लिहिणारा पेंटर साहेबाच्या जास्त जवळचा." त्या दिवसापासून मी पाट्या वाचणं बंद केलं आहे.

डिझेल काकूंच्या घरात औषधासारखं असायचं. दाराच्या चौकटीला वाळवी लागली, ब्रशने डिझेल. बिजागरी गंजली, डिझेल. कारखान्यात शिफ्ट संपल्यावर कामगार आधी डिझेलने हात धुवायचे, मग लाकडाचा भुसा, मग साबण. त्यातला तिसरा टप्पा तात्यांना वेळेचा अपव्यय वाटे. लग्नानंतर वर्षभर कुठलाही पदार्थ केला तरी ह्यांच्या हातचा घास तसाच लागायचा, असं काकू सांगतात. "माझ्या माहेरी लोक मोगरा लावून येतात म्हणून ऐकलं होतं. आमच्याकडे दारात पाऊल पडायच्या आधी पंप यायचा."

तात्यांना मी खऱ्या अर्थाने पाहिलं ते मोशीच्या अलीकडे.

श्रावणात सोसायटीने भीमाशंकरला जायला भाड्याची गाडी केली होती. ड्रायव्हर पोरगेला. काटा खाली आहे हे त्याला दिसत होतं, पण चाकणला भरू म्हणून त्याने दामटली. मोशीच्या अलीकडे गाडीने दोन उचक्या दिल्या आणि गप्प झाली. पोरगा कॅन घेऊन पळाला, पाच लिटर डिझेल आणलं, टाकीत ओतलं. चावी फिरवली. इंजिन घर्र घर्र फिरतंय, पण लागत नाही. पुन्हा चावी. पुन्हा घर्र घर्र, या वेळी जरा थकून. बायकांनी उपवासाचे डबे उघडले. कुणीतरी धक्का मारायचं सुचवलं. तिसऱ्यांदा चावीकडे हात गेला तसे तात्या मागच्या सीटवरून गरजले,

"हात लावशील तर बघ! बॅटरी मारशील. एअर धरलीय तिनं."

मग खाली उतरले. झब्बा काढून काकूंच्या हातात दिला. लेंग्याच्या खिशातून बारा-तेराचा पाना निघाला. हा पाना ते लग्नाला, बारशाला, अंत्ययात्रेला, सगळीकडे नेतात. बॉनेट उघडून डिझेल फिल्टरच्या डोक्यावरचा छोटा स्क्रू त्यांनी अर्धाच फेरा सैल केला आणि शेजारचा हातपंप अंगठ्याने दाबायला लागले. पुच, पुच, पुच. स्क्रूच्या कडेने आधी नुसती फुसफुस आली. मग दुधासारखा पांढुरका फेस. फेस वाहून त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत गेला, पण अंगठा थांबला नाही. माझ्याकडे न बघता म्हणाले, "टाकी कोरडी झाली की नळीत हवा शिरते. वरून कितीही ओत, मधे हवा आहे तोवर तेल पुढे सरकत नाही. ती आधी काढायची." फेसात बुडबुडे मोठे झाले, मग तुरळक झाले, मग एकदम काचेसारखी स्वच्छ धार लागली. धार चालू असतानाच त्यांनी पाना फिरवला. "आता मार."

एका चावीत लागली. गाडीत टाळ्या पडल्या. तात्यांनी हात बनियनला पुसले, काकूंनी ते बघितलं आणि झब्बा परत दिलाच नाही. भीमाशंकराचं दर्शन त्यांनी बनियनवर घेतलं.

तेव्हापासून 'एअर' हा शब्द मला सोसायटीत जागोजागी दिसायला लागला. तात्या तो माणसांना लावतात. कुणी फुगून बसलं, बोलेनासं झालं, की म्हणायचं 'एअर धरलीय'. अशा माणसाला समजावायचं नाही, वरून काही ओतायचं नाही. स्क्रू अर्धा फेरा सैल करायचा आणि फेस जाऊ द्यायचा. पार्किंगवरून दोन घरांचं वर्षभर बोलणं बंद होतं. तात्या त्यातल्या एकाकडे जाऊन बसले आणि फक्त एवढंच म्हणाले, "तुमचं चुकलं नव्हतंच म्हणा." मग पाऊण तास तो माणूस बोलत होता. तात्या मधूनमधून 'हं' म्हणत होते. पुच, पुच, पुच. शेवटी तो आपणहून म्हणाला, "जाऊ द्या, त्यांच्याकडेही पेशंट आहे, गाडी दाराशी लागणारच." तात्या उठले. जिना उतरताना मला म्हणाले, "धार लागली."

आता जगात हा शब्द आणखी कुठे कुठे जातो, हे तात्यांना नातवामुळे कळलं. नातू एकदा इटालियन कंपनीची जीन्स घालून आला. मागे कातडी पट्टीवर डिझेल. १९७८ साली निघालेली ती कंपनी. तेव्हा तेलटंचाईमुळे डिझेल म्हणजे पर्यायी इंधन अशी हवा होती, म्हणून हे नाव. नातवाने हे सगळं सांगितलं. तात्यांनी फक्त पट्टी कुठे आहे ते पाहिलं. "त्या माणसाचं आडनाव, आणि तू त्यावर बसतोस?" मग त्याने विन डिझेलचे सिनेमे दाखवले. त्या नटाचं मूळ नाव मार्क सिंक्लेअर; नाइटक्लबच्या दारावर राखणदार असताना दोस्तांनी त्याला डिझेल नाव पाडलं, अंगात रग फार म्हणून. एवढं ऐकून तात्या खूष होते. पण गाड्यांचे आवाज ऐकताच नाक मुरडलं. "नाव डिझेल आणि गाड्या बघावं तर पेट्रोलच्या!" मी स्वतः कंपनीच्या ट्रेनिंगला जर्मनीत गेलो होतो. तिथे एका हॉटेलात लोक 'डिझेल' मागत होते आणि वेटर बियरमध्ये कोला मिसळून आणून देत होता. परत आल्यावर मोठ्या उत्साहाने सांगितलं. तात्यांनी शांतपणे विचारलं, "ॲव्हरेज किती देतं?"

मात्र 'त्या माणसाचं आडनाव' हे ते थट्टेत म्हणत नाहीत. आपल्याकडे धंद्यांची आडनावं झाली : सुतार, लोहार, पाटील, कुलकर्णी. तात्या म्हणतात, तिकडे उलटं झालं, एका आडनावाचा धंदा झाला. आणि त्या धंद्यावर आमच्या पिंपरी-चिंचवडातल्या कितीतरी चाळींचे फ्लॅट झाले. म्हणून त्यांच्या देवघराशेजारच्या भिंतीवर दत्ताच्या खाली रुडॉल्फ डिझेल आहेत. जाड मिशी, ताठ कॉलर. पाहुणे 'आजोबा का?' असं विचारतात. तात्या 'तसेच' म्हणतात.

साहेबांचं चरित्र त्यांना पाठ आहे. १८५८ साली पॅरिसमध्ये जन्म, आईबाप जर्मन. १८९७ साली आउग्सबुर्गला इंजिन असं चाललं की आत टाकलेल्या उष्णतेतली सव्वीस टक्के कामाला आली. बहुतेक वाफेची इंजिनं त्याच्या निम्म्यालाही पोचत नव्हती. १९०० च्या पॅरिसच्या प्रदर्शनात त्यांचं एक इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं गेलं. इथे तात्या थांबतात आणि समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघतात. "शेंगतेलावर! म्हणजे आपल्या काकूच्या कढईवर!" मग २९ सप्टेंबर १९१३. साहेब अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या 'ड्रेस्डेन' बोटीवर चढले, जेवले, सकाळी सव्वासहाला उठवा असं सांगून खोलीत गेले. सकाळी खोली रिकामी. दहा दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात देह दिसला. त्यांनी खिशातल्या वस्तू काढून घेतल्या आणि देह पुन्हा पाण्यात सोडला. वस्तूंवरून मुलाने ओळख पटवली. जीव दिला, घसरले, की कुणी ढकललं, यावर आजही वाद आहे. तात्या त्या वादात पडत नाहीत. त्यांना एकच गोष्ट खुपते. "अग्नी नाही, मूठमाती नाही, दहाव्याला दिसला आणि कावळासुद्धा नाही!"

म्हणून दर २९ सप्टेंबरला तात्या गच्चीवर साहेबांचं पान ठेवतात. तिथीने नाही, तारखेने. तिकडचं पंचांग नाही म्हणून. इतर वर्षी तो घरगुती मामला असतो. २०१५ साली मात्र मी हजर होतो.

त्या वर्षी गणपती नुकतेच बसले होते आणि अमेरिकेतून फोक्सवॅगनची बातमी आली. गाडीतलं सॉफ्टवेअर ओळखायचं की आत्ता आपली तपासणी चालू आहे, तेवढ्यापुरती गाडी साळसूद व्हायची, आणि रस्त्यावर आली की नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या कित्येक पट. जगभरात अशा एक कोटी दहा लाख डिझेल गाड्या असल्याचं कंपनीनेच कबूल केलं. तात्या तीन दिवस आरतीला आले नाहीत. मी वर गेलो तर पेपर मांडीवर घेऊन बसलेले. म्हणाले, "ऑडिट आलं की आम्हीही शॉपमधले पिवळे पट्टे रंगवून घ्यायचो. तेलाचे डाग झाकायला वर चटई टाकायचो. पण माणसानं खोटं बोलायचं रे. इंजिनाला कुणी शिकवलं नव्हतं."

२९ तारीख त्या वर्षी पितृपक्षातच आली. गच्चीवर पान मांडलं होतं. वरण-भात, खीर, वडा. पाण्याच्या टाकीवर कावळा येऊन बसला होता, पण खाली उतरेना. दहा मिनिटं झाली, वीस झाली. एरवी आमच्याकडचे कावळे पापडसुद्धा हातातून नेतात. तात्यांनी हात जोडले.

"साहेब, ते सॉफ्टवेअर काढून टाकतील."

कावळ्याने चोच टाकीला घासली.

"नवे नियम येणार आहेत. नळकांड्यात युरियाचा फवारा मारून धूर धुतील. मी वाचलंय."

कावळ्याने पाठ फिरवली. युरियाचं त्याला काही फारसं पटलेलं दिसलं नाही.

"पोरं चांगली आहेत साहेब. चाकणची पोरं चांगली आहेत. हा बघा, हाही तिथंच आहे." इथे मला पुढे ढकलण्यात आलं. मी कुणाला नमस्कार करावा हे न कळून कावळ्यालाच केला. कावळ्याने माझ्याकडे एका डोळ्याने पाहिलं आणि बहुधा सीएनजी ओळखला. तात्यांचे डोळे भरून आले होते. मला वाटतं त्या दिवशीच मी त्यांना गप्प झालेलं पाहिलं.

जिन्यात बांगड्या वाजल्या. काकू घोसाळ्याच्या भज्यांचं ताट घेऊन वर आल्या. "खाली घाण्यातनं निघतायत तोवर थांबला असता तर! पान अर्धंच आणलंत." असं म्हणून त्यांनी दोन गरम भजी पानावर ठेवली आणि पदराला हात पुसला.

कावळा टाकीवरून सरळ खाली आला. वरण-भाताकडे ढुंकून न बघता त्याने मोठं भजं उचललं आणि उडाला.

"शेंगतेल!" तात्या ओरडले. "एकोणीसशे! पॅरिस!"

"गरम होतं म्हणून आला," काकू म्हणाल्या. "तुमचा वडा सकाळचा आहे."

पण तात्या ऐकत नव्हते. लहान मुलासारखे हसत त्यांनी ताटातल्या भज्याकडे हात नेला. काकूंनी ताट मागे घेतलं.

"सकाळपासून जनरेटरपाशी होतात ना? हात धुवा आधी. साबणानं."